एकाच पत्त्याच्या दोघी

नगमाने निळी वायर उपसली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि परत खोचली.

बाळापूर रोडवरच्या जिनिंगमध्ये कापसाची ट्रॉली काट्यावर चढली. पडद्यावर वजन उमटलं, थबकलं, पुसलं गेलं.

अमरावतीला, राजापेठेतल्या एका फ्लॅटमध्ये, पायाने पाळणा हलत होता. हात दुसऱ्या कामात होते.

सुभद्राबाई नावाच्या बाईने जिनिंगच्या आवारात कडुलिंबाखाली पिशवी टेकवली आणि ती पिशवीशेजारी बसली.

नेटवर्कमधली यंत्रं जोडणाऱ्या ब्रिजला त्यांची नावं कळत नाहीत. कुठला पत्ता कोणत्या दारातून शेवटचा बोलला, एवढंच तो लक्षात ठेवतो.

फोन आला तो काट्यावरच्या बंडूचा.

"ताई, काटा पुन्हा लटकला."

"काटा नाही लटकला, बंडूभाऊ. नेटवर्क लटकलं."

"आमाले काय, लटकणारं लटकलं. ट्रॉल्यांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत गेली. शेठ म्हणते, आज नीट नाई चाललं तं दुसरा माणूस पाहतो."

"पाहून राहिली मी. दम धरा जरा."

"दम त्या ट्रॅक्टरवाल्यांले धरायले सांगा. शिव्या ते मले देऊन राहिले, तुमाले नाई."

नगमाने फोन टेबलावर उपडा ठेवला. अकोल्यातली ही खोली, तिच्यातले दोन सर्व्हर आणि अमरावतीच्या खोलीतला तिसरा, असा दोघींचा संसार होता. दोघी म्हणजे नगमा आणि दीपमाला. पॉलिटेक्निकपासूनच्या. जिनिंगवाल्यांचे काटे, बियाणेवाल्यांचे साठे, सगळं त्या आपल्या छोट्या खासगी क्लाऊडवर चालवत. लग्न होऊन दीपमाला अमरावतीला गेली, तेव्हा नगमानेच दोन्ही खोल्यांमध्ये इंटरनेटवरून खासगी बोगदा घातला आणि ब्रिजला त्याचं दार जोडून दिलं. तेव्हापासून दोन्ही शहरांतली यंत्रं एकाच खोलीत असल्यासारखी एकमेकांशी बोलत. बाळापूर रोडचा शेठ हे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तो गेला असता तर खोली सोडावी लागली असती.

सर्व्हरच्या पोटातल्या आभासी यंत्रांना त्यांनी नात्यांची नावं दिली होती. आत्या, मामी, मावशी. काट्याची वजनं साठवणारी ती खाला. नगमाच्या हलीमाबी खालावरून. तीही कुणाला गुंजभर सूट देत नसे.

खाला आजारी नव्हती. नगमाने तिला तपासून पाहिलं होतं. स्विच बदलला, वायरी बदलल्या, फायरवॉल क्षणभर उघडून पाहिली. कालच आपण एक सेटिंग हलवलं होतं, हे आठवून तिने ते जागेवर आणलं. कपाळाला हात लावून स्वतःला एक शिवी दिली. काटा चाले, लटके, चाले.

शेवटी तिने ब्रिजची आठवण उघडली. कोण कोणत्या दाराशी आहे त्याचा तक्ता. खालाचं दार दोन नंबरचं, अकोल्यातलं. तो दर क्षणाला नव्याने दिसेल असं केलं आणि खुर्ची पुढे ओढली.

खाला: दार दोन
खाला: दार दोन
खाला: अमरावती
खाला: दार दोन
खाला: अमरावती
खाला: अमरावती

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला.

खाला: अमरावती

यंत्राची नक्कल केली की नकलेला नवा पत्ता मिळतो. कुणी मुद्दाम जुना ठेवला नाही तर. आणि खालाचा जुना पत्ता ठेवावाच लागे, कारण काट्याचं सॉफ्टवेअर त्या एका पत्त्यालाच बांधलेलं होतं. पत्ता बदलला की ते उघडत नसे, आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. ही गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती. एका रविवारी, डोकं फोडून झाल्यावर, ती दोघींना कळली होती. दोघींनाच.

अमरावतीत आणखी एक खाला उठून बसली होती. बोगदा बंद करून तिला चालवलं असतं तर ब्रिजला पत्ता लागला नसता. पण बोगदा बंद झाला की नगमाच्या खोलीत अलार्म वाजतो.

नगमाने फोन लावला.

"बोल वं," दीपमाला म्हणाली. मागे पाळण्याची करकर.

"दीपा, तिकडच्या सर्व्हरवर काही चालू केलं का आत्ता?"

"नाही बा. कावून?"

"खाला मले दोन दारांतून दिसून राहिली."

करकर थांबली.

"तुझा स्विच तापला असन. रीस्टार्ट मार ना."

"मारला."

"मंग वायर पाय. मी तं सकाळपासून लॅपटॉपले हातच नाही लावला. पोट्ट्यानं जीव खाल्ला नुसता."

बारीक टकटक ऐकू आली. मग तीही थांबली. नगमा पडद्याकडे बघत होती.

खाला: दार दोन
खाला: दार दोन
खाला: दार दोन

"झालं ना नीट?" दीपमालाने विचारलं.

काही बदललं आहे, असं नगमा अजून बोललीच नव्हती.

"झालं."

"पाय. म्हटलं ना, वायरच असन."

"हाव," नगमा म्हणाली. "वायरच."

बंडूचा फोन लगेच आला.

"चालला, ताई! पन एक लोचा आहे. सकाळच्या काही ट्रॉल्यांची भरली वजनं गायब. रिकामं वजन घ्यायले गेलो तं मशीन म्हणते, अशी गाडी आलीच नाई."

"पुन्हा भरून..."

"कशी भरता? कापूस तं गंजीत पडला. आता काय मी गंजीत बसून ज्याचा त्याचा वेचून काढू? ते सुभद्राबाई तं कडुलिंबाखाली ठाण मांडून बसली. पावती घेतल्याबिगर उठत नाई म्हणते. दीपमाला मॅडमले फोन लावू का? परवा आल्या होत्या त्या शेठकडं. म्हणत होत्या, पुढच्या महिन्यापासून सारं अमरावतीहून चालन, मंग असली कटकट नाई. तुमाले तं माईतच असन."

"माहीत आहे," नगमा म्हणाली.

तिने अमरावतीचं दार ब्रिजवरून काढण्याची आज्ञा टाइप केली. एक ओळ. एंटरवर बोट ठेवलं आणि उचललं. सकाळची ती वजनं भरकटून दुसऱ्या खालाच्या पोटात गेली होती. दार काढलं की ती तिथेच राहणार. बाईचा कापूस गंजीत, वजन कुठेच नाही.

तिने दीपमालाला निरोप धाडला. 'सकाळच्या ट्रॉल्यांची वजनं तुझ्याकडं आहेत. बाया-माणसं बसून आहेत. पाठव.' दुसरं काही लिहिलं नाही.

निरोप वाचल्याची खूण उमटली.

नगमाने माठातून पाणी घेतलं. अर्धं प्यायली, उरलेलं खिडकीतल्या तुळशीच्या डब्यात ओतलं. तुळस दीपमालाची. जाताना ठेवून गेली होती.

परत आली तेव्हा खालाच्या यादीत एक गाडी वाढली होती. मग दुसरी. मग थोडं थांबून तिसरी, सुभद्राबाईंची. वजनं एकेक करून हाताने भरली जात होती. नगमा उभीच राहिली. दीपाच ती. कामात कच्ची कधीच नव्हती. आता फोन करेल. रडेल, भांडेल, नवऱ्यावर ढकलेल, पण करेल.

हाताने भरलेल्या नोंदीपुढे भरणाऱ्याचं नाव येतं. नगमाने रकाना सरकवून पाहिला.

नगमा.
नगमा.
नगमा.

दोघींना एकमेकींचे पासवर्ड पाठ होते. बदलायची कधी गरजच पडली नव्हती. शेठने उद्या विचारलं, तर सकाळची वजनं अकोल्यातून हरवली होती आणि अकोल्यातूनच, नगमाच्या हाताने, मागाहून भरली गेली होती.

"सुटलो, ताई," बंडू फोनवर म्हणाला. "बाई उठली एकदाची. आशीर्वाद देऊन राहिली तुमाले."

"मले नको," नगमा म्हणाली. "सगळ्या पावत्या निघाल्या का?"

"साऱ्या."

"नक्की?"

"आता काय शपथ घेऊ? साऱ्या निघाल्या."

नगमाने फोन ठेवला आणि एंटर दाबलं. अलार्म वाजला. तिने तो वाजू दिला. तक्त्यात अमरावतीचं दार उरलं नाही. थोड्या वेळाने फोन थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकू लागला. दीपा, असं त्यावर दिसत होतं. नगमा आपला पासवर्ड बदलत होती.

दीपमालाच्या नावावर वेगळ्या फर्मची नोंदणी मागच्या दिवाळीच्या आधी झाली. त्या महिन्यात ती बाळंतीण होती आणि अमरावतीची खोली सांभाळायला नगमा एसटीने जाऊन-येऊन करत होती.