राजकन्येची माफी

प्रॉम्प्टरबाईंनी शेवटचं पान उलटलं आणि त्या थबकल्या.

ग्रंथालयाच्या सतरंजीवर चाळीसेक मुलं कान टवकारून बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर आजच छापून आलेली प्रत. एका गाजलेल्या जुन्या नाटकाची बाईंनी मुलांसाठी गोष्ट केली होती. राजकन्येने बापाच्या तुरुंगाचं दार उघडून निरपराध माणसं सोडून दिली होती, आणि भर दरबारात राजा म्हणत होता, "माफी माग, मुकुट तुझाच आहे."

पुढे छापलं होतं, 'माफ करा, बाबा. मी चुकले.' मग मिठी, मग मेजवानी.

हे बाईंनी लिहिलं नव्हतं. नाटकातही नव्हतं. एकतीस वर्षं विंगेत बसून, वाक्य विसरलेल्या नटांना त्यांनी हेच नाटक पुरवलं होतं. त्यातला स्वल्पविरामसुद्धा त्यांना तोंडपाठ होता. आणि पुस्तकावर नाव त्यांचं! त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

म्हातारीची ओळ चुकली असं वाटून पहिल्या रांगेत बसलेले पुस्तकाचे संपादक पुढे झुकले आणि हळूच म्हणाले,

"'माफ करा, बाबा'... वाचा ना, बाई."

उभ्या जन्मात बाईंना कुणी वाक्य पुरवलं नव्हतं.

"हे कुणी घातलं?"

"मीच. पुस्तकं पालक विकत घेतात, बाई. उलट उत्तर देणारी मुलगी कोण घरात आणेल? आता तमाशा नको, पुढचं बोला."

"बोलते की."

बाईंनी पुस्तक मिटलं. आयुष्यभर कुजबुजत आलेला त्यांचा आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"'मुकुट ठेवा तुमच्याजवळ, बाबा. दार मी उघडलं, उद्याही उघडेन.' आणि राजकन्या अनवाणी वेशीबाहेर चालती झाली. एकटी. संपलं."

संपादकांचा चेहरा पडला. दोन वेण्यांच्या एका मुलीने आपल्या प्रतीत बोट ठेवून ओळ वाचली.

"आजी, पुस्तकात तर ती माफी मागते."

"पेन्सिल आहे दप्तरात?"

"आहे."

"मग खोड ते. मी सांगते तसं लिही."

मुलीने एकवार संपादकांकडे पाहिलं आणि दप्तराची चेन ओढली. पाठोपाठ सगळीकडून चेनी उघडल्याचा आवाज आला.

बाई खुर्ची सोडून सतरंजीवर बसल्या आणि सवयीच्या हलक्या आवाजात, लिहिणाऱ्यांच्या वेगाने, एकेक शब्द पुरवू लागल्या.