हात मागे

आमच्या दाजींचा जगात कशावरच पटकन विश्वास बसत नाही. कुलूप लावलं की ते ओढून पाहतात. दहा पावलं गेले की परत येऊन पुन्हा ओढतात. ताईशी लग्न ठरल्यावर "नक्की ना?" असं विचारायला ते आमच्या घरी तीनदा आले होते. अशा माणसाला वनखात्याने माळावर जंगल वाढवायला राखणदार नेमलं.

त्या माळावर पूर्वी कधी झाड नव्हतं. गवत होतं, वारा होता आणि दोघांचं बरं चाललं होतं. खात्याला ते बघवलं नाही. उन्हाळ्यानंतरच्या पाहणीत रोपं जगलेली दिसली तर दाजी नोकरीत कायम, नाहीतर घरी.

रोप लावलं की त्याचं एक पान चिमटीत धरून हलकेच ओढतात. पान तुटलं तर रोप घट्ट बसलं, रोपच वर आलं तर पुन्हा लावायचं. हे एकदाच करायचं असतं. दाजी रोज करायचे. पहिली लागवड त्यांनी अशी मायेनं मारली.

दुसऱ्या लागवडीला ताईनं हुकूम सोडला, "माळावर हात मागे बांधून फिरायचं."

"मग मुळं धरली का, हे कळणार कसं?"

"मी या घरात रुजले, तेव्हा मला कुणी उपटून पाहिलं होतं का?"

"आईनं पाहिलं होतं."

"म्हणजे खोड खानदानी आहे!"

तेव्हापासून दाजी घरातल्या वस्तू ओढू लागले. पडदे, दाराची कडी, शर्टाची बटणं. ताई बटणं शिवून थकली. रोपं मात्र गुडघ्याला लागली.

पाहणीच्या दिवशी दाजींच्या हातांवर लक्ष ठेवायला ताईनं मला पाठवलं. मोठे साहेब आले, रोपांतून फिरले, खूश झाले. मग एका रोपापाशी वाकले आणि त्यांनी बुंधा दोन्ही हातांनी धरला.

"बघू तरी, मुळं धरलीत का."

"हात मागे!" दाजी ओरडले.

साहेबांचे हात खरंच मागे गेले. "कुणाशी बोलताय, कळतंय का?"

"कळतंय, साहेब. पण तुम्ही एक ओढलंत, तर मला सगळी ओढावी लागतील."

साहेबांनी हात मागेच ठेवले. मग उरलेला माळ दोघंही हात मागे बांधून फिरले. दोघांचीही बोटं पाठीमागे सारखी वळवळत होती. मागून चालताना मला दिसत होती.

जीपमध्ये बसताना साहेब म्हणाले, "तुम्ही कायम."

"नक्की ना?"

"नक्की."

जीप सुटली. दाजी तिच्या मागे धावले, "साहेब, नक्की ना?"

शर्टाचं शेवटचं बटण त्यांच्या मुठीत होतं.