तंबोऱ्याखालचा आवाज

मेढ्याची जमीन विकून चिंतामणरावांनी परदेशी अॅम्प्लिफायर आणि पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर साताऱ्याच्या घरी आणले, तेव्हा उमाताईंनी एवढंच विचारलं, "ह्यातून असं नवं काय ऐकू येणार आहे?" कॉलेजात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेला तो माणूस वायरी जोडत राहिला.

अडुसष्ट साली सांगलीच्या घरात त्यांची धाकटी बहीण भार्गवी दुपारी उन्हात सतरंजी टाकून रियाझाला बसली होती. चिंतामणराव परीक्षेसाठी पुण्याला गेलेले. आईने त्यांच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि ती शेजारी गेली. परतली तेव्हा टेप फिरत होती, तंबोरा भिंतीला टेकवलेला होता, आणि भार्गवी नव्हती. ती पुन्हा कुणालाच दिसली नाही. मागे उरली ती टेपवरची वीस मिनिटं. प्रत्येक नवं यंत्र घेताना चिंतामणरावांना वाटे, त्या खोलीत आणखी काही असेल, तर ते ह्याच्यावर ऐकू येईल.

आणि ते आलं. पहिल्या दुपारी अंगणातली चिमणी, मग कुठेतरी घागरीत पडणारं पाणी. सगळं इतकं जवळून, की भिंती मागे सरकत आणि सांगलीचं ऊन फरशीवर येऊन पडल्यासारखं वाटे. पाचव्या दुपारी तंबोऱ्याच्या खाली कुणी पुरुष हलकेच षड्ज धरून बसलेला ऐकू आला.

त्यांनी जतहून हंबीररावांना बोलावून घेतलं. हा शाळासोबती तेवीस वर्षं लष्करात कानाला हेडफोन लावून संदेश टिपत बसलेला. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"ओळखलास आवाज?"

"व्हय. तूच हाईस की रं."

"मी त्या दिवशी पुण्यात होतो, हंबीर."

"तवाचा न्हाई, गड्या. ह्यो आत्ताचा तू. दम लागतुय बघ."

चहा न घेताच हंबीरराव निघाले. दारात उमाताईंना म्हणाले, "वैनी, ही यंत्रं इकून टाका."

पण उमाताईंच्याने ते झालं नाही. भार्गवीला त्यांनी फक्त फोटोत पाहिलं होतं. त्या घरात आल्या त्याच मुळी ती गेल्यानंतर. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या चेहऱ्यावर असं समाधान मात्र त्या आत्ताच पाहत होत्या, आणि ते मोडायचा त्यांना धीर होईना.

एका दुपारी तो षड्ज स्वयंपाकघरापर्यंत आला. उमाताई खोलीत गेल्या. चिंतामणराव खुर्चीत शांत झोपले होते, ओठ मिटलेले. स्पीकरमधून मात्र दोघंही गात होते. उमाताईंनी बटणाकडे हात नेला आणि गाणं मध्येच थांबलं.

"वहिनी," अगदी कानाशी कुणी आर्जवाने म्हणालं, "राहू द्या ना. तुम्हीही बसा."

उमाताई मटकन खाली बसल्या. फरशी गार लागायला हवी होती. हाताखाली सतरंजी होती, उन्हाने कोमट झालेली.