सारवलेली धावपट्टी

कडेला खुणेचे दगड बावीस. त्यांतल्या चौदांवरच चुना उरलेला. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी एक, तीही फाटकी. टोकाला मोहाची तीन झाडं. लांबी अकराशे मीटर, सगळी मुरमाची. निशाने एवढं मोजलं, तरी तिचं चित्त थाऱ्यावर येईना. मधली चारशे मीटर जमीन ओली होती, आणि एटापल्लीच्या या जंगलात एप्रिलभर थेंब पडला नव्हता.

ती भूशास्त्र शिकलेली, चंद्रपूरच्या एका प्रयोगशाळेतून ही जमीन तपासायला आलेली. पावसाळ्यात नाले फुगून रस्ता तुटला की हवाई दलाचं जुनं मालवाहू विमान इथे उतरायचं. धान्य-औषधं उतरवून जाताना आजारी माणसांना घेऊन जायचं. आता त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. एक चालू ठेवायला दुसरं खोलावं लागे. येणारं नवं विमान त्याच्या दुप्पट जड. जुन्याने चिखलही चालवून घेतला. नव्यासाठी अट होती. आठ किलोच्या हातोड्याच्या एका ठोक्यात पोलादी दांडा वीस मिलिमीटरहून जास्त रुतता कामा नये.

पहिल्याच ठिकाणी तो एकतीस रुतला.

पाणी कुठून आलं ते गावच्या सुकरीने हौसेने सांगितलं. नवं विमान येणार म्हणून गावातल्या बाया चार दिवस खपल्या होत्या. खळं करतात तसं सगळं केलं. वारुळाची माती पसरली, पाणी शिंपून धुमसाने चोपली, वरून शेणाने सारवली.

"पाहुना येनार, तं त्याले उघड्या मातीवर उतरवाव का, बाई?"

निशाला हसू येईना. मोहाखाली सुकरीची मुलगी सोमारी बसली होती. सहावा महिना चालू. पहिलं बाळ अडून गेलेलं. या वेळी ऑपरेशनच करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवस भरत होते ते ऐन आषाढात.

निशा हवाई दलाच्या अतुल देशकरांकडे गेली. हे पाणी वरून घातलेलं आहे, आठवडाभराने पुन्हा मोजू, असं तिने सुचवलं. देशकरांनी जुनं विमान स्वतः इथे उतरवलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाळलेली जमीन मोजून मी काय करू, निशा? मला इथे यायचंय ते पावसातच."

थोडा वेळ ती धावपट्टीवर नुसतीच येरझारा घालत राहिली. मग नुसता मुरूम पावसात किती टिकतो ते पाहायला सारवण न पोचलेल्या दक्षिणेच्या टोकाला तिने पाच चौकोन आखले आणि प्रत्येकात आषाढातल्या एका दिवसाच्या पावसाइतकं पाणी मोजून ओतलं. पाणी बायांनीच डोक्यावरच्या पितळी गुंडांतून आणून दिलं.

"आमाले नावं ठेवले, अन् आता तुमीच पानी टाकून राह्यल्या," सुकरी म्हणाली.

"मी मोजून टाकते आहे, सुकरीबाई."

"आमी बी गुंड मोजूनच टाकले."

बाया हसल्या. सोमारी हसली नाही.

पाणी मुरेपर्यंत निशाला एका जागी बसवेना. दांड्याचं टोक तिने पुन्हा पुन्हा पुसलं. शेवटी हातोडा उचलला. एकेक चौकोन होत गेला, तशा बाया जवळ सरकत आल्या. सोमारीही उठून आली. पाचवा झाल्यावर सुकरीने विचारलं, काय निघालं? निशाने बेरीज दोनदा तपासली.

सरासरी, एका ठोक्याला चोवीस मिलिमीटर. अटीपेक्षा चार जास्त.