पाटीवरचा आकडा

फेब्रुवारीत वेंडेल प्रुइटने ब्रँटली डॉकरीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा पोराचा सगळ्यात जोरकस चेंडू ताशी शहाऐंशी मैलांचा होता आणि जाळीमागे खुर्ची टाकून बसलेला वेंडेल एकटाच होता. दोन्ही गोष्टी त्याला आवडल्या.

एका व्यावसायिक बेसबॉल संघासाठी अमेरिकेतल्या दक्षिण जॉर्जियातली शाळकरी पोरं हेरणं हा वेंडेलचा धंदा. उकडलेल्या शेंगांच्या पिशव्यांनी त्याच्या गाडीला कायमचा खारट वास लागलेला होता. त्या दिवशी त्याला वेगापलीकडचं काहीतरी दिसलं. ब्रँटली दोनतीन चेंडू सणसणीत टाकायचा आणि मग हात तसाच झपकन फिरवून एक चेंडू असा हळू सोडायचा की बॅटर आधी बॅट फिरवून मोकळा व्हायचा आणि चेंडू मागून यायचा, लग्न लागून गेल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा. एक बॅटर तर बाद झाल्यावर स्वतःलाच हसत परत गेला.

वेंडेलने संघाच्या ऑफिसात साहेबांना फोन लावला. "पोरगं सोनं आहे. फक्त घाई नको."

"आकडा काय?" साहेबांनी विचारलं.

"शहाऐंशी."

"मग एवढ्याशा आकड्यासाठी घाई कोण करतंय?"

मार्चमध्ये मैदानावर पाटी आली. ब्रँटलीचे वडील डॉइल डॉकरी यांचं ट्रॅक्टरचं दुकान होतं आणि पालक मंडळाचे अध्यक्षही तेच होते. त्यांनी शाळेला माणसाएवढ्या उंचीच्या दिव्यांची वेग दाखवणारी पाटी भेट दिली. वर दुकानाचं नाव, खाली आकडा. पाद्रीबाबांनी येऊन प्रार्थना म्हटली. शाळेच्या वाचनालयाचं छप्पर तीन वर्षं गळत होतं, त्यासाठी अजून कुणाला प्रार्थना सुचली नव्हती.

त्या दिवसापासून गावाने खेळ पाहणं सोडलं आणि पाटी पाहायला सुरुवात केली. एकदा ब्रँटलीचा चेंडू पाहुण्या शाळेच्या बॅटरने कुंपणापार भिरकावला. तो बॅटर रमतगमत धाव पूर्ण करत होता आणि गाव उभं राहून टाळ्या पिटत होतं, कारण पाटीवर एक्क्याण्णव आला होता. पुढचा बॅटर हळू चेंडूवर साफ फसला, बाद झाला. पाटीवर चौऱ्याहत्तर.

"दमलास का रे, पोरा?" मागून कुणीतरी ओरडलं. "आईला बोलवू का टाकायला?"

सगळे हसले. ब्रँटलीने तो चेंडू पुन्हा टाकला नाही.

डॉइल त्याला दर रविवारी अटलांटाच्या एका वेगशाळेत नेऊ लागले. तिथे पोरं जड चेंडू सगळं अंग झोकून भिंतीवर आपटायची आणि आईबाप काचेमागे कॉफी पीत बसायचे. एप्रिलमध्ये आकडा चौऱ्याण्णव झाला. जाळीमागे खुर्च्यांना जागा पुरेना. ब्रँटलीने चेंडू टाकायला पाय उचलला की ओळीतल्या सगळ्या हेरांच्या स्पीड गन एकदम वर व्हायच्या, मानवंदना दिल्यासारख्या. चेंडू गेला की सगळ्यांची डोकी आकड्यात. पोराकडे कुणाचं लक्षच नसायचं.

वेंडेलचं होतं. ब्रँटली आता पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलत होता आणि झाकण दातांनी उघडत होता. चेंडू सोडताना त्याचं उजवं कोपर फेब्रुवारीपेक्षा चांगलंच खाली येत होतं.

वेंडेलने डॉइलना खाण्याच्या टपरीपाशी गाठलं. "डॉइल, पोराचं कोपर दुखतंय. डॉक्टरला दाखव, आणि तोवर त्याला बसव."

"ते गेलं तर गेलं," डॉइल चिप्सवर चीज ओतून घेत म्हणाले. "ऑपरेशन करू. कोपरात नवा अस्थिबंध बसवला की वर दोनचार मैल वाढतात. माझ्या मेहुण्याने त्याच्या पोराला शाळा संपल्याचं बक्षीस म्हणून करून दिलं."

"वाढतात असं कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. मी तर डॉक्टरला विचारलं, दुखायच्या आधीच करता येईल का? नाही म्हणाला. आजकालचे डॉक्टर भित्रे, दुसरं काय!"

"अरे, तो हात आहे! ट्रॅक्टरचा सुटा भाग नाही."

"सुट्या भागांतलं मला नको शिकवूस, वेंडेल. आणि तुला एवढा कळवळा आहे, तर हातात काय धरलंयस ते?"

वेंडेलने खाली पाहिलं. स्पीड गन होती. जाळीमागच्या ओळीतली एक.

मे महिन्यात बाद फेरीचा सामना आला. सगळं गाव लोटलं होतं. ब्रँटलीने पहिले चेंडू टाकले, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, आणि प्रत्येकानंतर तो आधी पाटीकडे बघायचा, मग पाठ करून हाताची बोटं झटकायचा. वेंडेल उठला. गन खुर्चीवर ठेवून तो टपरीमागे गेला. पाटीची वायर तिथेच, चीजच्या भांड्याशेजारी, एका बोर्डात खोचलेली होती. वेंडेलने ती उपसली.

पाटी काळी झाली. टाळ्या कधी वाजवायच्या हेच कुणाला कळेना.

ब्रँटलीने पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पाय उचलला, हात झपकन फिरवला, आणि बॅटर स्वतःभोवती गिरकी घेऊन धुळीत बसला. जाळीमागे हेर आपापल्या गन हलवून बघत होते.

"चौऱ्याहत्तर? बिघडली वाटतं."

"माझीपण!"

पुढचा बॅटरही तसाच गेला. तोवर डॉइल टपरीमागे पोचले होते. "तू? माझ्या पाटीची वायर तू काढलीस?"

"हो."

"आज पोराचं भविष्य ठरतंय, गाढवा!"

"म्हणूनच," वेंडेल म्हणाला.

डॉइलनी वायर पुन्हा खोचली. पाटी लखलखली. ब्रँटलीने तिच्याकडे पाहिलं, चेंडू हातात फिरवला, आणि चालत जाऊन तो कोच मेझेल यांच्या हातात ठेवला.

"कोपर दुखतंय, कोच."

"कधीपासून?"

"पाटी लागली तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही, सर."

जाळीमागे खुर्च्या मिटल्याचे आवाज झाले, खटाखट, आणि गाड्या सुरू झाल्या. एका चेंडूपुरतंही कुणी थांबलं नाही. वेंडेलची खुर्ची तेवढी उरली. त्याचा फोन वाजला.

"आकडा काय?" साहेबांनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

"उन्हात बसलायस का?"

"हो. आणि आपण हे पोरगं घ्यायचं, असं मी लिहितोय. आधी डॉक्टर, मग एक वर्ष विश्रांती."

साहेबांनी फोन ठेवला. बाकावर ब्रँटली कोपराला बर्फ लावून डाव्या हाताने शेंगा सोलत होता. वेंडेलने त्याच्याशेजारी बसून उरलेल्या शेंगांची पिशवीही त्याच्याकडे सरकवली. समोर पाटीवर मोठं, लालभडक शून्य पेटलं होतं आणि मागच्या रांगेत दोघातिघांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.