कोनाड्यातला टर्बो

मित्रांनो, मी एक जुना टर्बो आहे. मोडलेला नाही, नुसता काढून ठेवलेला. रत्नागिरीजवळच्या पावस गावात आत्माराम नावाचे माझे मालक राहतात. त्यांच्या घराच्या ओटीवर एक कोनाडा आहे. तिथे काड्यापेटी आणि कंदिलाच्या शेजारी मी बसून असतो. येणारे-जाणारे विचारतात, "हा लोखंडाचा शंख कसला हो?" मालक काही सांगत नाहीत. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. मी एकटा जन्मलो नाही. माझ्यासारखाच, माझ्याच मापाचा माझा एक जोडीदार होता. आम्हा दोघांना एका लाल, बुटक्या, पळायला तेज अशा गाडीत बसवलं. त्या इंजिनाला सहा सिलिंडर होते. पुढचे तीन त्याच्या वाटणीचे, मागचे तीन माझ्या. इंजिनाचा गरम धूर आमच्या एका चाकाला फिरवायचा, आणि त्याच दांडीवरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबायचं. जास्त हवा मिळाली की गाडीला जास्त जोर यायचा. एवढंच आमचं काम. पण दोघांनी एकाच वेळी, सारख्याच जोराने करायचं. चढ लागला की आम्ही दोघे एका सुरात शीळ घालायचो.

मालक तेव्हा जहाजावर इंजिनखोलीत फिटर होते. बोटीवरची पुष्कळ वर्षांची कमाई त्यांनी या जुन्या गाडीत घातली आणि ती पावसला आणली. सगळा गाव बघायला लोटला. त्यांची बायको दमयंतीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "म्हैस आणली असतीत तर दूध तरी दिलं असतं."

पण पहिल्याच फेरीत त्या गाडीवर भाळल्या. गोळपच्या सड्यावर, मोकळ्या माळावर गाडी सुटली तशा त्या डोळे मिटून हसत होत्या. त्यांची मुलगी सगुणा मागे बसून ओरडत होती. घरी आल्यावर मालक चावी फिरवायला गेले आणि एकदम थांबले. त्यांनी दमयंतीबाईंना सांगितलं, "जोरात पळवल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नसतं. टर्बो तापून लाल झालेले असतात. जरा वेळ तसंच चालू ठेवायचं. नाहीतर आतलं तेल जागच्या जागी जळतं."

दमयंतीबाईंनी ते कायमचं ध्यानात ठेवलं. मालक विसरले तर त्याच म्हणायच्या, "अहो, थांबा. दम खाऊ दे." मग ती दोघं गाडीतच बसून राहायची. इंजिन हळूहळू चालायचं, आम्ही गार होत जायचो, आणि त्यांच्या गोष्टी चालायच्या. आंब्याच्या कलमांना मोहोर किती आला, सगुणाला कुठलं स्थळ बघायचं, शेजारच्यांची गाय कुंपण कसं मोडते. एकदा बाई म्हणाल्या, "सगुणाची पाठवणी याच गाडीतून करायची हां. एवढी धावते की पोरीला रडायलासुद्धा वेळ मिळणार नाही."

मालक म्हणाले, "आणि तुला?"

"मी पुढेच बसणार. मी कशाला रडू?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ म्हणजे ती गार होण्याची वेळ.

मग एका दुपारी मालकांनी दमयंतीबाईंना उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. त्यांना श्वास घेता येत नव्हता. त्या दिवशी आम्ही दोघे जितके फिरलो तितके आधी कधी फिरलो नव्हतो. रत्नागिरीच्या दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, मालकांनी तशीच चावी काढली आणि बाईंना घेऊन आत धावले. दम खाऊ दे, असं म्हणणारं त्या दिवशी कुणी नव्हतं. माझ्या जोडीदाराच्या आत तेल जळल्याचा वास मला आला. मी स्वतः कसाबसा वाचलो.

दमयंतीबाई परत आल्या नाहीत. मालकांनी गाडी हळूहळू घरी आणली आणि आंब्याच्या पेट्या ठेवायच्या पडवीत उभी केली. वर ताडपत्री टाकली. पुढे दोन पावसाळे गेले. समुद्राचा खारा वारा आत शिरला. सीटखाली उंदरांनी पेंढ्याचं घरटं केलं. मी जोडीदाराला अधूनमधून हाक मारत होतो. त्याच्याकडून काही आलं नाही.

सगुणाचं लग्न ठरलं तेव्हा ताडपत्री निघाली. मुलगा जयगडचा, भागोजी नावाचा, तोही बोटीवरच नोकरीला. सगुणाने बापाला एवढंच म्हटलं, "बाबा, आई काय म्हणाली होती ते आठवतं ना?" मालकांनी मान हलवली आणि मिरकरवाड्याहून केरू मिस्त्रीला बोलावलं. केरू मासेमारीच्या ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा.

त्याने पाना लावून आम्हा दोघांना उघडलं. माझ्या जोडीदाराच्या चाकाला बोट लावलं. "आत्मारामदादा, हा गेला कामातून. बगा, नखभर हलत नाय."

"आणि हा दुसरा?"

केरूने माझं चाक फिरवलं. ते भिंगरीसारखं फिरत राहिलं. "हा झकास हाय."

"मग त्याला राहू दे. एकावर चालव."

केरू हसला. "दादा, तुमी बोटीवर इंजिनात होतात का भटारखान्यात? याने भरलेली हवा त्या मेलेल्याच्या वाटेने परत भायेर जाणार. आणि सहा सिलिंडर एकट्याला ओढवायचे नायत. हे जोडीचं काम. जपानवरनं दुसरा मागवाल तेवड्यात पोरीला पोर होईल. माझ्याकडं मोडीत काडलेल्या ट्रॉलरचा एक मोठा टर्बो पडलाय. पायपा जोडून तो एकच बसवतो. हे दोनी काडायचे."

"पण हा चांगला आहे रे, केरू. त्याला का काढायचा?"

केरूचं हसू गेलं. त्याने फडक्याला हात पुसले. "चांगला हाय. पण आता त्याला जागा नाय, दादा."

माझ्या जोडीदाराला केरूने भंगाराच्या पोत्यात टाकलं. मला मालकांनी हातात घेतलं, रॉकेलने धुतलं आणि या कोनाड्यात ठेवलं. नवा टर्बो जाडजूड होता. सुरुवातीला तो सुस्त असायचा, मग एकदम जागा व्हायचा. आवाज तर ट्रॉलरचाच. पण गाडी पळाली. माझ्याशिवाय पळाली, हे ओटीवरून ऐकताना काय वाटतं ते मी कसं सांगू?

लग्नाचा मांडव समोर अंगणात, खळ्यातच पडला, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. कन्यादानाची वेळ जवळ आली तशा मालकांच्या थोरल्या बहीण मथुराबाई पुढे आल्या. "आत्माराम, पाटावर धाकू आणि त्याची बायको बसतील. कन्यादान जोडप्याने करायचं असतं."

मालक म्हणाले, "कमरेला सुपारी लावून मी बसतो, ताई. बायकोच्या जागी सुपारी चालते."

"ती बायको माहेरी गेली असली तर. असं वेडंवाकडं नको रे, पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे."

धाकटा भाऊ धाकू ओशाळला. "दादा, तू म्हणशील तर मी नाही बसत."

मालकांनी मुलीकडे पाहिलं. बाशिंगाखालून ती त्यांच्याकडेच बघत होती. भर मांडवात तंटा नको म्हणून ते म्हणाले, "बस तू." आणि ओटीवर येऊन माझ्या कोनाड्याला टेकून उभे राहिले. हात-पाय धड असलेला बाप, पण पाटावर त्याला जागा नव्हती. त्यांचा हात मागे आला आणि त्यांनी बोटाने माझं चाक फिरवलं. सगळे मंत्र होईपर्यंत ते फिरवत राहिले.

पाठवणीच्या वेळी मात्र ते ठाम होते. "गाडी मीच चालवणार." त्यांनी मला कोनाड्यातून उचललं, खांद्यावरच्या उपरण्यात गुंडाळलं आणि पुढच्या सीटवर ठेवलं. नवरानवरी मागे बसली. पाठराखीण म्हणून मथुराबाईंनी पुढचं दार उघडलं आणि मला बघून त्या किंचाळल्याच. "हे काय लोखंड? काढ ते!"

"असू दे, ताई. तू मागच्या टेंपोत बस."

"सख्खी बहीण टेंपोत आणि लोखंड गाडीत?"

"होय," मालक म्हणाले.

दमयंतीबाई म्हणाल्या होत्या ते खोटं ठरलं. गाडी पुष्कळ धावली, तरी सगुणा रत्नागिरी येईपर्यंत रडली. पुढे जयगडच्या रस्त्याला ती गप्प झाली. शेवटचा चढ मालकांनी जोरात घेतला. बिचारा नवा टर्बो पुढे गुरगुरत होता, त्याने काम चोख केलं.

भागोजीच्या दारात ताशे वाजत होते. भाकरतुकडा घेऊन सासूबाई उभ्या होत्या. "उतरा, उतरा," असा गलका झाला. मालकांचा हात चावीकडे गेला. त्यांना ते लवकर उरकायचं होतं, हे मला कळत होतं.

तेवढ्यात मागून सगुणा म्हणाली, "बाबा, थांबा. दम खाऊ दे."

मालकांचा हात तिथेच राहिला. इंजिन हळूहळू चालू होतं. बाहेर ताशेवाले थकून थांबले. कुणीतरी काचेवर टकटक केलं, भागोजीने त्याला हातानेच थांबवलं. सगुणाने पुढे वाकून बापाच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिने विचारलं, "यंदा मोहोर बरा आहे ना हो, बाबा?"

"बरा आहे," मालक म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "खालच्या कलमांना जास्त आहे."

"शेजारची गाय?"

"येते अजून."

बाहेर सासूबाईंच्या हातातला भाकरतुकडा तसाच होता. मग सगुणा म्हणाली, "आता करा बंद." मालकांनी चावी फिरवली आणि ती उतरून गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत मालक आणि मी, दोघेच होतो. पावसला पोचल्यावर घरात कुणी नव्हतं. मालक गाडी हळूच चालवत आले होते, काही तापलं नव्हतं. तरी त्यांनी इंजिन लगेच बंद केलं नाही. मला मांडीवर घेऊन ते पुष्कळ वेळ तसेच बसून राहिले.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, ऊन-वाऱ्यापासून जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी आणखी थोडं सांगतो. दमून आलेल्याला एकदम बंद करू नका. आणि जोडीतला एक गेला म्हणून उरलेल्याला भंगारात काढू नका. त्याला पहिलं काम देता आलं नाही तरी चालेल. जाता-येता एकदा बोट लावून बघा. तो अजून फिरतो.