सात वाजताचे मोजे

डूकेच्या फायलीत पहिल्याच पानावर, लाल शाईत लिहिलेलं होतं: सकाळी सात, ठोक्याला. त्या एका ओळीपायी परिचारिका नीन्के सहा वर्षं कालव्याच्या काठाने सायकल दामटत सातच्या ठोक्याला त्याच्या दारात हजर होत होती. म्हाताऱ्याच्या सुजऱ्या पायांवर सूज दाबून धरणारे घट्ट मोजे चढवायचे म्हणजे रोजची कुस्ती. ती संपली की दोघं कॉफी प्यायची. मोजे चढेपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही असं ती रोज बजावायची, आणि हा गडी रोज आधीच उठून कॉफी करून बसलेला असायचा.

आता तिच्या दुसऱ्या पेशंट रेन्स्केबाईंनाही सातच हवे होते. त्यांना इन्शुलिन टोचावं लागे, आणि मग न्याहारी उरकून पावणेआठच्या बसने शुश्रूषागृहात नवऱ्याला भरवायला जायचं असे. तो दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नव्हता. सकाळी इंजेक्शन द्यायला परिचारिका एकटी नीन्के. मोजे काय, मदतनीस योरीनही चढवू शकत होती.

घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या यांच्या चौघांच्या गटाला साहेब नव्हता. सगळं टेबलाभोवती बसून ठरायचं आणि शेवटी एकेकाला विचारलं जायचं, आक्षेप आहे का? एकाचाही असला तरी गाडी अडली. मात्र त्याला कारण लागे.

"डूकेकडे योरीन, रेन्स्केबाईंकडे नीन्के," वयाने मोठा वॉबे म्हणाला. "दोघांचेही सात राहिले. आक्षेप?"

"आहे," नीन्के म्हणाली.

"काय?"

"त्यांना माझी सवय आहे."

"त्यांना, की तुला?"

नीन्केच्या मनात आलं, म्हातारा आपल्याला आवडतो, हे काय कारण झालं? वॉबेलाही बोलून वाईट वाटलं असावं, कारण त्याने बिस्किटांचा डबा पुन्हा तिच्याकडे सरकवला. आमच्या या कालव्यांच्या मुलखात माणशी एक बिस्कीट दिलं की झाकण लागतं, तेव्हा ही माया थोडीथोडकी नव्हती.

"ही तिसरी बैठक," योरीन म्हणाली. "त्या दोघांना कुणी विचारलंय का?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांना विचारून ठरवतो, हा तर यांचा केवढा तोरा!

पुढच्या बुधवारी दोघंही टेबलाशी आली. रेन्स्केबाई संकोचून गेल्या होत्या. "कुणाची वेळ हिसकावायची नव्हती हो मला. मी नंतरची बस धरीन. हे थोडे रुसतील, एवढंच."

डूकेने चाळीस वर्षं बोटींसाठी कालव्यावरचा पूल उघडला-मिटला होता. तो म्हणाला, "प्रवाहाबरोबर येणारी बोट आधी सोडायची. तिला थांबता येत नाही. बाईंना सात द्या."

"अहो, पण तुमचेही सातच राहतायत," वॉबे म्हणाला. "योरीन येईल."

"आणि नीन्के?"

"ती बाईंकडे."

"मग मला सात नकोत. तिला सवड असेल तेव्हा येऊ दे."

"पण तुम्हीच तर ठोक्याला म्हणून लिहायला लावलंत," नीन्के म्हणाली.

डूके टोपी हातात फिरवत राहिला. "मला कशाला हवेत सात? तू पहिल्या दिवशी सातला आलीस. विचारलंस, ही वेळ चालेल ना? म्हटलं, हीच ठेव, ठोक्याला. वेळ सैल सोडली, तर उद्या तुझ्याऐवजी दुसरंच कुणी यायचं."

योरीन हसू लागली. "मी काय चावते का, आजोबा?"

"तू गुणी आहेस, पोरी. पण तुला माझी कॉफी आवडणार नाही. हिलाही आवडत नाही, पण ही पिते."

"मला आठ चालतील," नीन्के म्हणाली, "पण मी येईपर्यंत पाय खाली ठेवायचे नाहीत. सूज उतरलेली हवी."

वॉबेने एकेकाला विचारलं. कुणाचाच आक्षेप नव्हता. शेवटी नीन्केची पाळी आली. "नाही," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला तिने रुमाल काढला.

सोमवारी आठला ती डूकेकडे पोचली. तो अंथरुणातच होता, पाय उशीवर.

"उठला नाहीत?"

"अट होती ना."

सहा वर्षांत त्याने पहिल्यांदा तिचं ऐकलं होतं. मोजे चढवून ती स्वयंपाकघरात गेली. यंत्रात पाणी आणि पूड आदल्या संध्याकाळीच भरलेली होती, फक्त बटण दाबायचं बाकी होतं. शेजारी दोन कप मांडलेले होते आणि बिस्किटांचा डबा. त्याचं झाकण त्याने उघडंच ठेवलं होतं.